दस्त्यातलं सरकतं झाकण

१३ जानेवारी २०२५, सोमवार

प्लायवूडच्या सप्लायरने वाटलेली डायरी. दरवर्षी माझी मुलगी जॅकलीन ती रफ कामाला नेते. यंदा मीच ठेवून घेतली, कारण आज जे काम आलंय ते पुन्हा माझ्या बेंचवर येणार नाही आणि त्याची मापं नीट लिहून ठेवायला हवीत.

यम्ना मॅडम दुपारी स्वतः आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या ऑफिससाठी मी सरकत्या झाकणाची एक पेटी केली होती, ती त्यांनी लक्षात ठेवली. ब्लँकेट उलगडलं तर आत बंदुकीचा दस्ता. नुसतं लाकूड. नळी आणि चाप लायसन्सवाल्या बंदूकवाल्याकडे कुलपात आहेत, ते इथे येणार नाहीत, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. आमचा वर्कशॉप मॅनेजर सुदेश तोवर श्वास धरून उभा होता.

ठासणीची बंदूक आहे. तोंडाकडून दारू ओतायची, चरबी लावलेल्या चिंधीत गोळी गुंडाळायची आणि गजाने आत ठासायची. त्या चिंध्या ठेवायला दस्त्याच्या उजव्या अंगाला एक पेटी कोरतात आणि तिला लाकडाचं सरकतं झाकण बसवतात. मॅडमच्या वडिलांनी तरुणपणी अमेरिकेत शिकताना अशी एक पाहिली होती. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी सबंध बंदूक हाताने बनते आहे, एकेक भाग एकेका कारागिराकडे. बावीस फेब्रुवारीला डोंगरातल्या मसफूत गावच्या त्यांच्या फार्मवर ती पहिल्यांदा चालवणार. मला चौदा तारखेपर्यंत मुदत.

"लेस्टर भाई, झाकण बंद असताना तिथे झाकण आहे हे कळता कामा नये," असं त्या हिंदीत म्हणाल्या.

गणू शेजारच्या बेंचवरून बघत होता. इथे आखातात चौदा वर्षं आम्ही दोघं शेजारी काम करतो. "आमच्याकडे गुहागरला रानडुकरांसाठी असायची ठासणीची," म्हणाला. मग बराच वेळ दस्त्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिला. त्याला हे काम हवं होतं, दुसरं काय.

१५ जानेवारी, बुधवार

लाकूड मेपलचं, आडवे वाघपट्टे असलेलं. झाकणासाठी त्याच फळीचा वीतभर तुकडा सोबत दिलाय. दस्त्यावरचे पट्टे झाकणावरून सरळ पुढे गेले पाहिजेत, म्हणून दुसरं लाकूड चालणार नाही. या तुकड्यात एकच झाकण निघेल. चुकलं की खलास.

तुकडा कापला तेव्हा गणू म्हणाला, "काय गोड वास सुटलाय रे. साखर करपल्यासारखा." मला काहीच आला नाही. धुळीने माझं नाक केव्हाच गेलं. पूर्वी डोळे मिटून साग आणि शिसम ओळखायचो.

माप: पेटी पाच इंच लांब. पुढे सव्वा इंच रुंद, मागे दीड. झाकण मागून आत सरकताना घट्ट होत जायला हवं.

१८ जानेवारी, शनिवार

पेटीचा खळगा पूर्ण. तळ छान सपाट आला. गणू दोनदा म्हणाला, "दमला असशील, थोडं मी काढतो." मी म्हटलं, तुझी हॉटेलची ड्रॉवरं आधी पुरी कर.

चहा सांडला. ते स्टूल एका बाजूला डुगडुगतं, कितीदा सांगितलं.

वर्कशॉपमधून चालत घरी आलो. माझी बायको इसाबेल हॉटेलची हाउसकीपिंगची शिफ्ट संपवून बस स्टॉपवर उतरली होती, तिने मला लांबून येताना पाहिलं. म्हणाली, "तुझा उजवा हात हलत नाही चालताना. खिशात घातल्यासारखा अंगाला चिकटलेला असतो." खांदा आखडलाय. तीस वर्षं रंधा मारणाऱ्याचा खांदा आखडणारच.

१९ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये मिसाला गेलो. येताना सुपरमार्केटची यादी मी लिहिली होती ती जॅकलीनच्या हातात दिली. ती म्हणाली, "डॅडी, आय कान्ट रीड धिस. इट्स लाइक अँट्स." सतरा वर्षांची झाली, पण मराठी लिहिलेलं वाचायचं म्हणजे तिला कायम संकट.

२२ जानेवारी, बुधवार

आजपासून खरं काम. खळग्याच्या दोन्ही भिंती आतून तिरक्या कापायच्या, म्हणजे वरचा ओठ आत झुकतो आणि झाकण त्याखाली अडकून सरकतं. ओठ कागदासारखा पातळ. पटाशी थोडी जास्त उचलली की उडालाच.

वरची भिंत बरी झाली. खालची नाही. दुपारनंतर उंदराने कुरतडल्यासारखी दिसायला लागली. पटाशी हातात शांत बसत नव्हती. एसी थेट माझ्या बेंचवर येतो. तसंच ठेवून घरी आलो. उद्या निस्तरू.

२३ जानेवारी, गुरुवार

काल दमलो होतो म्हणून वाईट वाटलं असणार. सकाळी बघितलं तर खालची भिंत चांगली आहे. जवळजवळ स्वच्छ.

२५ जानेवारी, शनिवार

कुणीतरी माझ्या कामाला हात लावतंय.

काल जाताना खालच्या भिंतीवर पेन्सिलीच्या तीन खुणा केल्या, जिथे अजून लाकूड काढायचं होतं तिथे. आज तिन्ही खुणा नाहीत आणि लाकूडही नाही. बरोबर खुणेपर्यंत काढलंय. मी विसरलो असेन असं आधी वाटलं, पण मी इतका म्हातारा झालेलो नाही. मी बावन्न वर्षांचा आहे.

कामगारांच्या कॅम्पची बस गणूला सकाळी साडेसहाला इथे सोडते. मी साडेसातला येतो.

आजच सुदेशने सगळ्यांना जमवून सांगितलं की एप्रिलपासून हातकामाचं एकच बेंच राहणार, बाकी सगळं मशीनवर जाणार. एकच बेंच म्हणजे एकच माणूस. गणूने मान खाली घातली होती. मला आता सगळं कळतंय. मॅडम आल्या की हा म्हणणार, ही भिंत मी काढली.

२७ जानेवारी, सोमवार

दस्ता कपाटात कुलूप लावून ठेवतो. किल्ली माझ्या खिशात. गणूने बघितलं.

झाकणाच्या कडांना तिरका रंधा मारला. मग इसाबेलची जुनी लिपस्टिक झाकणाच्या कडांना पुसून झाकण आत सरकवलं. जिथे घासतं तिथे भिंतीवर लाल डाग उठतो. तेवढंच खरवडायचं, पुन्हा सरकवायचं, पुन्हा बघायचं. दिवसभरात दोन इंच आत गेलं. कुणाच्या मदतीशिवाय.

२९ जानेवारी, बुधवार

पटाशी सटकली.

खालच्या ओठाची कपची उडाली. तांदळाच्या दाण्याएवढी लांब, पण अगदी दिसणाऱ्या जागी. मोबाईलचा टॉर्च लावून गुडघ्यांवर बसून शोधली. सापडली. गोंदाने चिकटवली, टेप लावला आणि दस्ता कपाटात ठेवला. पावणेचार वाजले होते. सुट्टी होईपर्यंत हातात पॉलिशपेपर धरून बसून राहिलो.

गणूने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही."

३० जानेवारी, गुरुवार

आज कपाट उघडलं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

आजची गोष्ट लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

मॅडम न कळवता आल्या. दस्ता बाहेर काढावाच लागला. टेप सकाळीच काढला होता. कपची बसलीय, पण तिच्या कडेला केसाएवढी रेघ दिसते, निदान मला दिसते. त्यांनी झाकण सरकवलं, अर्ध्यात अडकलं. मी म्हटलं, समुद्राची हवा आहे मॅडम, लाकूड फुगतं. ते खोटं नाही. पण अडकतंय ते त्या कपचीवर.

त्यांनी दस्ता खांद्याला लावून बघितला. मग खाली ठेवून माझ्याकडे बघत विचारलं, "कहीं क्रॅक तो नहीं है ना? बाबा का कंधा अब वैसा नहीं रहा. झटका इसी से उनको लगेगा. कुछ भी हो, मुझे बता देना."

मी म्हटलं, "नो मॅडम. एकदम ठीक है."

ओठावरच्या कपचीने बार सुटताना काही होत नाही, हे मला माहीत आहे. पण त्यांनी ते विचारलंच नव्हतं. क्रॅक आहे का, एवढंच विचारलं होतं.

त्या गेल्यावर गणू माझ्या बेंचपाशी येऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. तो परत गेला.

२ फेब्रुवारी, रविवार

चर्चला जायच्या आधी शर्टाची बटणं लागेनात. नवीन शर्ट, काजं घट्ट. इसाबेल आली आणि वरपासून खालपर्यंत सगळी लावून दिली. मग तसाच शर्ट धरून म्हणाली, "आपण डॉक्टरकडे जाऊ या."

"व्हिसा रिन्यूअल तोंडावर आहे. आत्ता कुठे कागदावर काही यायला नको."

"व्हिसाच्या मेडिकलला रक्त आणि छातीचा एक्स-रे बघतात, लेस्टर. बटणं लावायला सांगत नाहीत."

मी रागावलो. कम्युनियन घेताना पवित्र भाकर तळहातावरून घरंगळणार होती. फादरनी माझी बोटं वरून मिटवली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पावणेसातलाच वर्कशॉपला पोचलो. चोर पकडायला. दुसरा शब्द नाही.

आत एकच लाइट होती. गणू माझ्या बेंचवर होता. माझ्या पटाश्या ओळीने मांडलेल्या आणि तो एकेकीला दगडावर धार लावत होता. शेजारी हॉटेलच्या ऑर्डरची ड्रॉवरं. माझी. गेल्या महिन्यात मी पुरी करून दिलेली. त्यातली दोन खोलून त्याने सांधे नव्याने कापले होते.

मी म्हटलं, "माझ्या बेंचवर काय करतोयस?"

तो दचकला नाही. पटाशी पुसली, जागेवर ठेवली. "दिवाळीपासून करतोय तेच."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

"माझी जागा हवीय तुला. एप्रिलमध्ये एकच बेंच राहणार आहे, म्हणून."

गणूने हाताची घडी घातली. त्याला राग आलेला मी चौदा वर्षांत दोनदा पाहिलाय. आज तिसऱ्यांदा. आवाज मात्र वाढला नाही. "तुझी जागा हवी असती तर मी हातसुद्धा लावला नसता. ही ड्रॉवरं जशी होती तशी सुदेशच्या टेबलावर गेली असती. खलास. तुझा हात थरथरतो, लेस्टर. मला दिसतं. सुदेशला दिसू नये म्हणून मी एक तास आधी उठतो. कॅम्पमधला चहासुद्धा सोडतो."

मी म्हटलं, "माझा हात थरथरत नाही."

"मांडीवर ठेव."

मी स्टुलावर बसलो आणि उजवा हात मांडीवर ठेवला. सैल सोडला. अंगठा आणि पहिलं बोट आपोआप हलायला लागले, तंबाखू मळल्यासारखे. मी ते हलवत नव्हतो. आम्ही दोघं त्याकडे बघत राहिलो. मग बाहेर दुसरी बस आली, माणसं उतरायला लागली, आणि गणूने माझी ड्रॉवरं उचलून स्वतःच्या बेंचवर नेली.

५ फेब्रुवारी, बुधवार

इसाबेलला सांगितलं. सगळं. कपची, मॅडमशी खोटं, गणू. ती म्हणाली, "हाताचं मला ऑगस्टपासून माहीत आहे. तू झोपलास की हलत नाही, जागा असलास की हलतो. तू आपणहून सांगशील म्हणून थांबले." मग म्हणाली, "जास्तच थांबले."

६ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमना फोन केला. हिंदीत वाक्य पाठ करून ठेवलं होतं, ते निम्म्यात विसरलो. म्हटलं, ओठाची कपची उडाली होती, मी चिकटवली आणि तुम्ही विचारल्यावर खोटं बोललो. दस्त्याला धोका नाही, पण मी खोटं बोललो.

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"मैंने आपके मुँह की तरफ़ देखकर पूछा था," त्या म्हणाल्या. बस एवढंच, आणि फोन ठेवला. तासाभरात स्वतः आल्या, दस्ता ब्लँकेटमध्ये गुंडाळला आणि घेऊन गेल्या. झाकणसुद्धा. सुदेश केबिनमधून धावत आला. त्याला मीच सांगितलं. हातासकट सांगितलं, कारण अर्धं सांगून काय होतं ते आता कळलंय. सुदेश माझ्या हातांकडे बघत म्हणाला, "लेस्टर, हे मी ऐकलं नाही असं करू शकत नाही."

गणू ड्रॉवरांवर वाकलेला होता. त्याचा रंधा थांबला होता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरीण तरुण आहे, केरळची. मला कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, एका कागदावर तेच वाक्य चारदा लिहायला लावलं, चौथी ओळ पहिलीच्या निम्मी बारीक आली. मग विचारलं, वास येतो का? मी म्हटलं नाही, धुळीमुळे, काही वर्षं झाली. तिने ते लिहून घेतलं. वासाचा आणि हाताचा काय संबंध, मला कळलं नाही. न्यूरोच्या मोठ्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. सगळ्यात जवळची तारीख पंचवीस. इसाबेलने चिठ्ठी वाचली आणि पर्समध्ये ठेवली, मला दाखवली नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

दस्ता परत आला.

मॅडमनी तो बंदूकवाल्याला दाखवला. त्याने भिंग लावून बघितलं आणि सांगितलं की धोका काही नाही, पण ही कपची टिकणार नाही, पुन्हा नीट बसवावी लागेल, आणि चार दिवसांत दुसरा कुणी हे करणार नाही. मॅडम अजून रागात होत्या. दस्ता ठेवताना आधी सुदेशकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "कौन करेगा?"

मी म्हटलं, "हाथ गणू का. आँख मेरी."

त्यांनी गणूला पहिल्यांदा नीट बघितलं. गणूने हात पँटला पुसले. "करूँगा मॅडम. यह बोलेगा वैसा."

"अब की बार कुछ हुआ तो उसी दिन फोन," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चिकटवलेली कपची आणि तिच्या भोवतालचं लाकूड गणूने चौकोनी कापून काढलं. झाकणाच्या टोकातून उरलेली एक काडी होती, पट्टे जुळणारी. ती तिथे बसवायची. एवढीच काडी होती.

गणूचा हात स्थिर आहे पण घाई करतो. पटाशी टेकली की त्याला कापायचं असतं. मी दिवा आडवा धरून बसलो होतो, लाकडावरून प्रकाश घसरत जाईल असा. दिवा डाव्या हातात. तो हलत नाही.

"थांब. तिथे नाही."

"मला तिथेच दिसतंय."

"तुला सावली दिसतेय. लिपस्टिकचा लाल डाग अलीकडे आहे. एक केस अलीकडे."

त्याने दिव्याकडे बघितलं, मग लाकडाकडे. "आहे खरं," म्हणाला.

काडी बसली. जेवायचं राहिलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी झाकण तीन इंच जात होतं. दुपारी चार. लिपस्टिक संपली, इसाबेलला फोन करून विचारलं तर म्हणाली, चांगली घे, ड्रॉवरमधली. जॅकलीन शाळेतून येताना घेऊन आली आणि तिथेच थांबली. गणू खरवडायचा, मी झाकण सरकवायचो, दोघं वाकून बघायचो. शेवटच्या अर्ध्या इंचाला दोन तास गेले. एकदा गणूने जोर लावायला अंगठा ठेवला, मी त्याचा हात धरला. माझा हात त्याच्या हातावर थरथरत होता. त्याने जोर काढला. पुन्हा बाहेर, पुन्हा खरवड.

साडेचारला ते आत गेलं. आवाज आला नाही. झाकण धरून ठेवणारी मागची पोलादी पट्टी खाचेत अडकली तेवढी टिक. मग दोघांनी मिळून वरून रंधा मारून झाकण दस्त्याच्या गोलाईला मिळवलं, आणि पट्टे सरळ पुढे गेले.

जॅकलीनने बोट फिरवलं. "व्हेअर इज इट?" म्हणाली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमनी अंगठ्याने दाबून झाकण उघडलं, बंद केलं, असं सहा-सात वेळा. दुरुस्तीची जागा मी स्वतः दाखवली, नाहीतर त्यांना सापडली नसती. "शुक्रन," त्यांनी अरबीत आभार मानले. आधी गणूला, मग मला. हसल्या नाहीत. मीही अपेक्षा केली नव्हती.

संध्याकाळी सुदेशने केबिनमध्ये बोलावलं. एप्रिलपासून बेंच गणूचं. मी तीन महिने आखणी आणि तपासणी करायची, प्रत्येक हातकाम माझ्या नजरेखालून जाईल. त्यानंतर डॉक्टर काय म्हणतात त्यावर. "याहून जास्त मी वर मागू शकलो नाही," तो म्हणाला.

बाहेर गणू उभा होता. म्हणाला, "मी त्याला सांगितलं होतं, बेंच नको मला."

"घे. तू नको म्हणालास तर दुसऱ्याला जाईल."

त्याने हात पँटला पुसले. मग म्हणाला, "तू दिवा धरायला येशील ना?"

२३ फेब्रुवारी, रविवार

यम्ना मॅडमनी व्हॉइस मेसेज पाठवला. वाऱ्याचा आवाज, माणसांचं बोलणं, मग सगळं शांत, मग बार. त्याच्या मागोमाग एक म्हातारा माणूस खूप हसतोय. शेवटी मॅडम सांगतात की निशाणा बराच चुकला, पण बाबांनी चिंधी स्वतः काढली, कुणाला झाकण उघडू दिलं नाही.

मी गणूला फोनवर ऐकवला. तो कॅम्पमध्ये कपडे धूत होता. "पुन्हा लाव," म्हणाला. पुन्हा लावला.

मग त्याने विचारलं, "परवा किती वाजता आहे डॉक्टर?"

"साडेदहा. इसाबेलला सुट्टी मिळत नाही. मी जाईन एकटा."

"मी सुदेशला विचारलंय. अर्धा दिवस मिळतोय मला. येऊ?"

नेहमीसारखं नको म्हणणार होतो. तोंडावर आलंही होतं.

"ये," म्हटलं.